आईचा मंगळवार

आषाढ लागला की मंगळवारी मी शाळेत किरकोळ रजा टाकते. चारही मंगळवार. मुख्याध्यापकांनी पहिल्या वर्षी नुसत्या भुवया उंचावल्या, दुसऱ्या वर्षी विचारलं, "बाई, कसलं व्रत आहे का?" आता ते अर्ज वाचतही नाहीत, सही करून टाकतात. स्टाफरूममध्ये मात्र दरवर्षी नव्यानं चेष्टा होते. विज्ञानाच्या बाई वार पाळतात म्हटल्यावर होणारच. गणिताचे सर म्हणतात, "मॅडम, नववीच्या वर्गात निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष हे तुम्हीच घसा फोडून शिकवता ना?" मी हसते. शिकवते की. त्या तीन शब्दांच्या नादानंच तर ही वेळ आली.

त्या दिवशी आमच्या शिरूरच्या घरात तवा चढत नाही. आदल्या दिवशीच्या भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. विळी, सुरी, कात्री, सुई, काही हातात धरायचं नाही. नवरा सुरुवातीला वैतागला. "लग्न झालं तेव्हा तू साधी चतुर्थी करत नव्हतीस, आणि आता हे काय खूळ?" म्हणाला. आता तो मंगळवारी ऑफिसातच जेवून येतो. मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसते. आमच्याकडचा आषाढ पावसाचा कमी आणि वाऱ्याचा जास्त. पुण्याकडून काळेभोर ढग भरून येतात आणि आमच्या डोक्यावरून घाईघाईनं नगरकडं निघून जातात. जाता जाता चार थेंब टाकतात. तेवढ्यावर पीक येईल की नाही सांगता येत नाही, तण मात्र हमखास येतं. म्हणून आमच्याकडं आषाढ म्हणजे खुरपणी. सकाळी सातलाच रस्त्यावरून पिकअप जातात. मागं पंधरा-वीस बाया उभ्या, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, हातात खुरपं. सोमवारी जातात तशाच मंगळवारीही जातात. त्या गेल्या की मला बसवत नाही, तरी मी बसून राहते.

आमचं गाव शिरूर तालुक्याच्या अगदी शेवटाला, भीमेच्या काठी. नदी ओलांडली की दौंड. गावाच्या दक्षिणेला लिंबाखाली एक दगडी ओटा होता आणि ओट्यावर शेंदूर लावलेला एक तांदळा, म्हणजे नाक-डोळे नसलेला नुसता दगड. ती बांधावरची आई. तिला दुसरं नाव नव्हतं, आरती नव्हती, पुजारी नव्हता. होती ती फक्त एक गोष्ट, आणि ती गोष्ट मला सांगितली हौसामावशीनं. हौसामावशी म्हणजे गावातल्या खुरपणीच्या टोळीची म्होरकी. आमच्या रानात ती मी रांगत होते तेव्हापासून येत होती.

गोष्ट अशी. पेरा झाला की आई सगळ्या शिवारात फिरते. एकेका दाण्याला पाठीवर थाप मारून उठवते. एवढं मोठं शिवार, ती एकटी. आषाढात तिचे पाय भरून येतात. मग चार मंगळवार ती कुठल्या तरी रानात भुईला पाठ टेकते आणि दिवसभर पडून राहते. कुणाच्या रानात ते कुणाला सांगत नाही. म्हणून त्या दिवशी गावात कुणीच मातीला लोखंड लावायचं नाही. काय सांगावं, तुमचं खुरपं नेमकं तिच्याच अंगात बसायचं.

आज मी ही गोष्ट आठवते तेव्हा तिच्या बांधणीनं थक्क होते. कुणाच्या रानात ते ठाऊक नाही, म्हणजे सगळ्यांनीच थांबायचं. एखाद्या मोठ्या बागायतदाराला "माझ्या रानात ती येत नाही" असं म्हणायला जागा नाही. शिवाय घराची भुईसुद्धा भुईच, म्हणून घरातही लोखंड नको. तवा लोखंडाचा, विळी लोखंडाची, उलथनं, अडकित्ता, सुई, सगळं लोखंडाचं. बाईचा सबंध दिवस कशाकशात अडकलेला असतो याची कुणीतरी नीट यादी केली असणार आणि मग देवीला झोपवलं असणार. ज्या कुणी हे रचलं ती बाईच होती आणि फार हुशार होती, याबद्दल मला शंका नाही. पाण्याचं तेवढं तिच्या ध्यानातून राहिलं. हंडे-कळश्या तांब्याच्या, त्यामुळं पाणी काही सुटलं नाही.

मी पाचवीत असताना गावात स्टीलची भांडी आली आणि मोठा पेच पडला. स्टील म्हणजे लोखंड की नाही? मी शाळेतून लोहचुंबक आणलं आणि ओट्यावर बसून एकेका बाईचा डबा तपासायला लागले. काहींना चिकटायचं, काहींना नाही. मी जाहीर केलं की ज्याला चिकटतं तेच लोखंड. हौसामावशीनं आपला डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "त्या चुंबकाला आईनं इचारलंय व्हय?" बाया खळखळून हसल्या.

त्या मंगळवारच्या ओट्याचा वास मला अजून येतो. न्हालेले, शिकेकाई लावलेले ओले केस, दहीभाताचा नैवेद्य, लिंबाचा पाला, कुणाच्या तरी तान्ह्याच्या अंगाचं तेल. बाया एकमेकींच्या डोक्यातल्या उवा बघत बसलेल्या. सासवा एका बाजूला, सुना दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडून एकमेकींवर टोमणे. दुपारी वारा पडला की सगळ्या तिथंच पदर अंगावर घेऊन आडव्या व्हायच्या. दिवसा झोपलेली बाई मी माझ्या लहानपणी फक्त तिथंच पाहिली. आजारी बाईसुद्धा दिवसा झोपली तर लोकं काय म्हणतील म्हणून भिंतीला टेकून बसायची, पण आईच्या मंगळवारी धडधाकट बाया तोंड उघडं टाकून घोरायच्या आणि कुणाची माय व्यालेली नव्हती त्यांना उठवायची.

माझी आई सगळ्यांत लवकर झोपायची.

मग ते वर्ष आलं. मी शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गेले होते. आण्णा, म्हणजे माझे वडील, वरवंडजवळ मोटरसायकलवरून घसरले आणि पाय मोडून घेऊन घरी बसले. भाऊ लहान. रान माझ्या अंगावर आलं. आठ एकर बाजरी, आणि त्यात बाजरीपेक्षा हरळी आणि लव्हाळा जास्त. त्या साली मात्र पाऊस लागून राहिला होता, रानात पाय ठेवला की घोट्यापर्यंत चिखल. सगळं गाव वाफशाची वाट बघत होतं. माती धड ओली नाही, धड कोरडी नाही, खुरप्याखाली भुसभुशीत निघते, असा तो वाफसा. तो आला नेमका सोमवारी संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी आईचा मंगळवार.

आण्णांचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून डेअरीवर दूध घालायला मी गेले होते. तिथं गावातले सगळे बापये जमलेले. जो तो वाफशावर आणि मंगळवारावर बोलत होता. उद्याचा दिवस गेला आणि परवा पुन्हा पाऊस आला तर तण कंबरेला लागणार. तरी कुणी उघड काही म्हणत नव्हतं. म्हणाले मी. किटली खाली ठेवली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, आई-बिई काही नसते. बी ओलाव्यानं आणि उबेनं उगवतं, कुणी पाठीवर थाप मारून उगवत नाही. लोखंडानं मातीला काही होत नाही, उलट तण निघतं. आपण अडाण्यासारखे दगडाला भिऊन पीक घालवतोय. मी आणखीही बरंच बोलले. कॉलेजात वक्तृत्वाचा चषक मिळाला होता, तो असा खर्ची पडला.

एक म्हातारबा मिशीत हसून म्हणाले, "मंग उद्याच्याला तूच मारून दाव की खुरपं."

"दाखवते," मी म्हटलं.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती चुलीपुढं होती. तिनं वर बघितलं आणि फक्त म्हणाली, "वैशू, नको गं." का नको ते सांगेना. मी शंभर वेळा विचारलं. तिनं लाकूड आत सारलं, बाहेर ओढलं, पुन्हा आत सारलं. मी मनात म्हटलं, सातवी शिकलेली बाई, भीती अशी थोडीच जाते. मला तिची कीव आली, हे मला आज लिहितानाही लाज वाटते.

सकाळी मी रस्त्याकडच्या वावरात उतरले. मुद्दामच रस्त्याकडच्या, लोकांना दिसावं म्हणून. तिकडून हौसामावशी ओट्याचा रस्ता सोडून बांधावर आली. न्हालेली, केस मोकळे. इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "ताई, ऐक माझं. गप घरी जा. उद्या दिस उगवायच्या आत आमी समद्या येतो. सांजपातुर तुझं रान उरकून देतो. येक पात मागं ठेवत न्हाई."

"मावशी, घाबरू नकोस. काही होत नाही, बघ तू."

"मी घाबरत न्हाई."

"मग?"

तेवढ्यात रस्त्यावर दोन मोटरसायकली थांबल्या. मावशीनं पदर डोक्यावर घेतला आणि निघून गेली. मी पात, म्हणजे खुरपायची एक ओळ, धरली आणि पहिलं खुरपं मारलं.

दुपारपर्यंत माझ्या तळहाताला फोड आले. तेवढंच काय ते झालं. साप निघाला नाही, हात सुजला नाही, आभाळ फाटलं नाही. पलीकडं ओट्यावर बाया बसल्या होत्या. त्या दिवशी कुणी आडवं झालं नाही, सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. संध्याकाळी डेअरीवर बापयांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. "पोरीनं डोळं उघाडलं गावाचं," असं कुणीतरी म्हणालं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मी, मला ते शब्द हळदीकुंकवासारखे वाटले. घरोघरी त्या रात्रीच्या जेवणात बापये बायकांना काय म्हणाले असतील ते तेव्हा मला सुचलंही नाही. वैशाली काय मेली का? मग तुला काय धाड भरली? पुढल्या मंगळवारी रानात जायचं. सुंठीवाचून खोकला गेला होता त्यांचा.

पुढच्या मंगळवारी आमच्याच रानात अकरा बाया आल्या. इतर दिवशी खुरपताना टोळीचं तोंड बंद नसे. गावातली सगळी लफडी, सगळ्या सुनांची गाऱ्हाणी, मध्येच कुणाचं तरी ओवीसारखं गुणगुणणं. त्या दिवशी नुसती खुरपी वाजत होती. मीही त्यांच्याबरोबर पात धरली होती, कारण मला त्यांच्यातली एक व्हायचं होतं, असा माझा समज. सुट्टी झाल्यावर हौसामावशी खुरप्याची माती काडीनं काढत काढत म्हणाली, "ताई, मंगळवार तर गेला. मंग आता आमी बसायचं कवा?"

मी म्हटलं, "मावशी, रविवारी बसा की!"

सगळ्या बाया हसल्या. मला वाटलं, माझ्या हजरजबाबीपणाला हसल्या. रविवार! रविवार शाळेला, बँकेला, तलाठ्याला. खुरप्याला कसला आलाय रविवार.

त्या वर्षी आमची बाजरी चांगली आली. हे वाक्य मी कितीदा लिहून खोडलं आहे. मी त्या बापयांपुढं सत्य बोलत होते की माझी खुरपणी उरकत होते? तण बापाच्या रानात नसतं, दुसऱ्याच्या रानात असतं, तर मी एवढी कळवळून विज्ञान सांगितलं असतं का? इतकी वर्षं मुलांना सांगते, प्रयोगात आपला हेतू तपासून बघा. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रयोगाची वही मी कधी उघडून दाखवलेली नाही.

आणि गंमत अशी की आई काही गेली नाही. गेला तो तिचा वार. ओट्याच्या जागी आता मंदिर आहे, फरशी, कमान, कमानीवर देणगीदारांची नावं. तांदळ्याला चांदीचा मुखवटा आला, पुजारी आला, आरती आली, कर्णा आला. आषाढातल्या मंगळवारी महाप्रसाद असतो, आणि त्याच्या चपात्या लाटायला गल्लीवार बायांच्या पाळ्या लावलेल्या असतात. पहाटे लाटायचं, मग पिकअपमध्ये चढायचं. मी दगडाची भीती घालवायला निघाले होते. भीती वाढली, दगड वाढला, कमी झाली ती फक्त दुपारची झोप. गोष्टीतलं आपल्या कामाचं तेवढं ठेवायचं आणि अडचणीचं तेवढं टाकायचं, हे ठरवणारे हात नेहमीच दुसरे असतात. मी नुसती सुरुंगाला काडी लावून दिली.

माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा आमच्याच गावची, बौद्धवाड्यातली. आता ती दौंडला रेल्वेत नोकरीला आहे. तिच्या क्वार्टरमध्ये बसलं की पाच-पाच मिनिटांनी मालगाडी जाते आणि आपण वाक्य अर्ध्यावर सोडून थांबतो, मग पुढं बोलतो. तिच्यापाशी मी हे सगळं एकदा बोलले. माझी अपेक्षा होती की ती तरी म्हणेल, तू बरोबर केलंस. देव-देवस्की तिच्या घरानं कधीच सोडलेली.

"त्या ओट्यावर माझ्या आजीला चढू देत नव्हते," ती म्हणाली. "त्याच आईच्या नावानं. ती ओट्याच्या खाली, उन्हात बसायची. त्यामुळं आईचं कौतुक मला सांगू नकोस."

"म्हणजे मी केलं ते–"

मालगाडी आली. आम्ही थांबलो.

"पण बसायची," गाडी गेल्यावर सुनंदा म्हणाली. "त्या दिवशी गावात कुणीच काम देत नव्हतं, म्हणून तीपण बसायची. आम्ही ती आई सोडली, वैशाली, पण सोडताना हात रिकामे नव्हते आमचे. माणूस माणसासारखा आहे, ही दुसरी गोष्ट हातात होती. कायदा होता, शाळा होती. माझी आजी म्हातारपणी सही करायला शिकली. तू काढून घेतलंस. दिलंस काय?"

तिनं चहा आणला. आठवड्याची सुट्टी तिला शनिवारी असते, ते तिच्या ड्युटीच्या तक्त्यात छापलेलं भिंतीवर दिसत होतं.

तेव्हापासून मला सगळीकडं गोष्टीच दिसायला लागल्या आहेत. परत येताना एसटी पुलावर आली आणि मी खाली बघितलं. भीमेच्या अलीकडं शिरूर, पलीकडं दौंड, असं नदीला कुणी सांगितलंय? पाटसच्या कारखान्याचा भोंगा झाला की माणसं पाळी बदलतात. भोंग्यात काय आहे, हवा. सातबाऱ्यावर नाव लागलं की माती माझी होते, मातीला त्याचा पत्ता नसतो. रविवार तरी कुणी पाहिला आहे? सकाळी उठून सोमवार आणि रविवारचं आभाळ शेजारी ठेवा आणि मला फरक दाखवा. पण रविवारला कुणी अंधश्रद्धा म्हणत नाही, कारण तो कॅलेंडरवर लाल शाईनं छापलेला आहे आणि तो सगळ्यांनी मानलेला आहे. सगळ्यांनी मिळून मानलेलं जे असतं त्यावरच गाव उभं राहतं, बाजार भरतो, माणसं एकमेकांच्या अंगावर धावून न जाता रांगेत उभी राहतात. मी वर्गात हे शिकवत नाही. अभ्यासक्रमात नाही आणि मला ते नीट सांगताही येणार नाही.

हौसामावशीचा मुलगा कंपनीत आहे, त्याला वीकली ऑफ असतो. त्या दिवशी तो दहापर्यंत झोपतो, असं ती कौतुकानं सांगते. त्याची बायको त्याही दिवशी खुरपायला जाते.

मोडलेलं जोडायचा प्रयत्न मी करून बघितला नाही असं नाही. गेल्या वर्षी भावाला म्हटलं, आपल्या रानातला मंगळवार बंद ठेव, बायांना त्या दिवसाची मजुरी मात्र दे. भाऊ भला आहे, बहिणीचं खूळ म्हणून त्यानं ऐकलं. मंगळवारी मी हौसेनं गावी गेले, मंदिरामागच्या लिंबाखाली सतरंजी टाकली, दहीभात नेला. कुणी आलं नाही. दुपारी कळलं की आमच्या टोळीतल्या सगळ्या बाया शेजारच्या रानात कांद्याचं रोप लावायला गेल्या आहेत. संध्याकाळी त्यातली एक तरणी सून भेटली. मी विचारलं, तर ती सरळ म्हणाली, "ताई, समदी कामावर आन् आपुन येकटीच बसायचं म्हंजी कसं वाटतं? लोकं आळशी म्हनत्यात." तिचं खरं होतं. मी सुट्टी देऊ शकत होते, वार देऊ शकत नव्हते. वार द्यायला सबंध गाव लागतं, आणि गावाला एक झोपलेली आई लागते. मी तर तिला कधीच उठवून बसले होते.

यंदा तिसऱ्या मंगळवारी मला घरात राहवेना. सकाळच्या एसटीनं गावी गेले. हौसामावशी आता सत्तरीच्या पुढं असेल. गुडघे गेलेत, उकिडवं बसता येत नाही, तर ती एक पाय लांब करून सरकत सरकत खुरपते. टोळीची म्होरकी दुसरी झाली आहे, तिला सगळ्यात कडेची पात देतात, अर्धी. जेवणाची सुट्टी झाली होती. बाया लांब बाभळीखाली गेल्या होत्या, ती बांधाच्या टिचभर सावलीत एकटीच भाकरीचं फडकं सोडून बसली होती. मी शेजारी बसले. तिनं न विचारता माझ्या हातावर चतकोर ठेवली.

"मावशी, मला एक बोलायचंय," मी म्हटलं. "तुमचा वार माझ्यामुळं गेला. तुमची एवढी श्रद्धा होती, ती मी मोडली. माझी चूक झाली."

ती खाता खाता थांबली. मग हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं.

"सरधा?" ती म्हणाली. "आगं, म्या लगीन होऊन आले ना, तवा पैल्याच मंगळवारी माझ्या सासूनं माझ्या कानात सांगितलं. म्हनली, आई-बिई काय न्हाई बरं का, पन बोलायचं न्हाई. डोळं झाकून पडायचं. तिला तिच्या सासूनं सांगितलं आसंल. समद्या बायांना ठावं व्हतं, पोरी. बापयांना तेवढं न्हवतं."

मी हातातली चतकोर तिच्या फडक्यावर परत ठेवली.

"मग मला का नाही सांगितलं?"

"लेकीला सांगत न्हाईत. सुनंला सांगत्यात. लेक बापाच्या बाजूची आसती, आन् जानार आसती दुसऱ्याच्या गावाला. तितं बोलली तर?" तिनं बोटं चाटली, हात धुतला. "तुझ्या आईला बी ठावं व्हतं की. तू त्या दिशी खुरपं मारलंस ना, तवा सांजंला ती आली व्हती माझ्या घरी. पाटलाच्या घरातली बाई, माझ्या पायाला हात लावला तिनं. रडली लई. म्हनली, हौसाबाई, लेक हाय म्हनून गप ऱ्हायले. सांगाय पायजे व्हतं."

आई जाऊन सहा वर्षं झाली. त्या संध्याकाळी मी डेअरीवर खुर्चीत बसून चहा पीत होते.

बाभळीखालून कुणीतरी हाक दिली. सुट्टी संपली होती. मावशीनं माझ्या खांद्यावर हात टेकून स्वतःला उठवलं, पदर खोचला, आणि खुरपं घेऊन पातीला लागली.